फुल फ्रेम घ्यायचाय? आधी काचेचं बोला!

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी कॉन्व्हेंटवाला. दहावीला मराठीत कसेबसे पासष्ट मिळाले, तेही बाईंच्या कृपेने. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण मराठी विभागाच्या संपादकांनी मला मेसच्या रांगेत तीनदा गाठलं, "कॅमेऱ्यावर काहीतरी लिही ना." आणि हा विषय असा आहे की त्यावरून आमच्या मजल्यावर रोज रात्री भांडण होतंच. म्हटलं, तेच भांडण इथे मांडू.

भांडण असं की, ज्याच्याकडे साधा डीएसएलआर आहे त्या प्रत्येकाला आता फुल फ्रेम हवाय. "फुल फ्रेम घेतला की खरा फोटोग्राफर." मग कोणी घरी रडतो, कोणी हप्त्यांवर नवा मिररलेस घ्यायला निघतो. हप्ता कशातून भरणार? तर "लग्नाच्या ऑर्डरी मिळतील ना!" माझं मत स्पष्ट आहे. खिशात चाळीस-पन्नास हजारच असतील तर फुल फ्रेम जरूर घ्या, पण जुना घ्या, रोख घ्या, आणि सर्वांत शेवटी घ्या. आधी लेन्स. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फुल फ्रेम म्हणजे काय ते थोडक्यात (ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी). सेन्सरचा आकार ३६ × २४ मिलिमीटर असला की तो फुल फ्रेम. हा आकार आकाशातून पडलेला नाही. जुन्या रोलच्या कॅमेऱ्यातल्या एका निगेटिव्हचा तो आकार. ऑस्कर बारनाकने बनवलेला लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला आणि तो रूढ झाला. खोपोलीत ओळखीच्या एका स्टुडिओवाल्या काकांना मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "काका, तुम्ही कधी फुल फ्रेम वापरलाय का?" काका हसत सुटले. म्हणाले, "अरे, आमचं सगळं फुल फ्रेमच होतं की! तुम्ही पोरांनीच अर्धा करून घेतलात." खरंच आहे. आपल्याकडच्या स्वस्त डीएसएलआरमधला एपीएस-सी सेन्सर, कॅननमध्ये सुमारे २२.३ × १४.९ मिलिमीटरचा असतो. गुणाकार करा. ८६४ चौरस मिलिमीटर विरुद्ध ३३२. म्हणजे फुल फ्रेमला २.६ पट जागा, आणि तेवढाच जास्त प्रकाश.

मग महाग का? तर सेन्सर सिलिकॉनच्या गोल वेफरवर बनतात. कॅननने २००६ च्या सुमारास एका माहितीपत्रकात हिशोब दिला होता. आठ इंची वेफरमधून एपीएस-सी सेन्सर सुमारे २०० निघतात, फुल फ्रेम फक्त २०. धुळीचा एक कण पडला तर तिकडे दोनशेतला एक बाद, इकडे विसातला एक. प्रॉडक्शनच्या सरांनी 'यील्ड' शिकवलं तेव्हा मला डुलकी लागली होती. कॅमेऱ्याची किंमत बघितल्यावर झोप उडाली.

आता माझी गोष्ट. माझ्याकडे सेकंडहँड कॅनन १३००डी आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० हे दोन लेन्स. दोन वर्षं मी लग्नसराईत एका फोटोग्राफर दादांच्या हाताखाली दुसरा कॅमेरा म्हणून जातो. पळसदरी, केळवली, खालापूर, चौक, जिथे नेतील तिथे. आपल्या भागातली हळद ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. लग्न एकवेळ अर्ध्या तासात उरकतील, पण हळद म्हणजे रात्रभर बेंजो आणि अख्खं गाव अंगणात. आणि प्रकाश? मंडपाच्या बांबूला बांधलेला एक बल्ब, आणि डीजेचे निळे-जांभळे दिवे. ते दिवे तर फोटोचे शत्रूच!

अशाच एका हळदीत धवले म्हणणारी एक म्हातारी आजी होती, धवलारीण. बेंजो थांबला की ती कोपऱ्यात बसून गायची. बल्बचा उजेड अर्ध्या चेहऱ्यावर, डोळे मिटलेले. मी झूम पूर्ण ५५ वर नेला. तिथे या लेन्सचं तोंड एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. आयएसओ ६४०० ला टेकवला आणि फोटो काढला. मोबाइलवर झकास दिसला. चार महिन्यांनी तिच्या नातवाचा फोन आला. "दादा, आजी गेली. तो हळदीतला फोटो मोठा करून देशील का? दुसरा चांगला फोटोच नाही तिचा." मी लॅपटॉपवर मोठा करून बघितला. चेहऱ्याच्या जागी नुसती वाळू. सुरकुत्या कुठल्या आणि नॉइज कुठला, कळेना. शेवटी पोस्टकार्डाएवढा छापला, भोवती भरपूर पांढरं कार्ड लावलं आणि मोठ्या फ्रेममध्ये बसवून दिला. नातू म्हणाला, छान आहे. मला मान वर करवेना.

त्या रात्रीच ठरवलं, बस्स, आता फुल फ्रेम! तेव्हा दोन सीझनचे मिळून छेचाळीस हजार जमले होते. बाबांना फोन केला. बाबा एवढंच म्हणाले, "घे की. तुझे पैसे आहेत. फक्त फीचा दुसरा हप्ता राहिलाय हे लक्षात ठेव." (बाबा लोक कधीच नाही म्हणत नाहीत. हे असं म्हणतात.)

हप्त्याच्या धास्तीने का होईना, मी कागद-पेन घेऊन बसलो आणि पहिल्यांदाच इंजिनिअरसारखा विचार केला. आजीचा फोटो बिघडला तो प्रकाश कमी पडल्याने. फुल फ्रेमने प्रकाश किती वाढला असता? वर काढलाच आहे, २.६ पट. आणि त्याच जुन्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचा एफ/१.८ लेन्स असता तर? ५.६ भागिले १.८, त्याचा वर्ग. ९.७ येतं. जवळजवळ दहापट! बॉडीला चाळीस हजार मोजून अडीचपट, आणि दहा हजारांच्या आतल्या त्या चिमुकल्या प्लॅस्टिकच्या लेन्सने दहापट. दोष माझ्या सेन्सरचा नव्हताच. दोष हा की दोन वर्षं मी कॅमेऱ्यासोबत फुकट आलेली काच लावून फिरत होतो आणि बॉडीला शिव्या घालत होतो.

हे गणित कुणालाच पटेना. म्हणून आम्ही मेसमध्ये परीक्षा घेतली. एका सिनियरकडे ६डी आहे, फुल फ्रेम, २०१२ साली आलेलं मॉडेल. दोन्ही कॅमेऱ्यांनी तेच ते फोटो काढले. उल्हास नदी, नेरळला उभी असलेली माथेरानची गाडी, आणि रात्री हॉस्टेलमागच्या टपरीवर चहा गाळणारे मामा. बारा बाय अठराचे प्रिंट काढून नाव न लिहिता भिंतीवर चिकटवले. दिवसाच्या फोटोंत कोणाला काही ओळखता येईना. नाणं उडवल्यासारखी उत्तरं. वॉर्डन सर तर नदीसमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि चुकले! रात्रीच्या पहिल्या जोडीत ६डीवर त्याचा एफ/४ चा झूम होता आणि माझ्या १३००डीवर ५० चा एफ/१.८. मतं जवळपास समसमान पडली. दोन-चार हात माझ्याच बाजूला जास्त. सिनियरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसऱ्या जोडीत तोच ५० चा लेन्स दोन्हींवर लावला होता. तिथे मात्र ६डीने मला सरळ झोपवलं. मामांच्या हातावरचे केससुद्धा दिसत होते.

तेव्हा फुल फ्रेम म्हणजे थाप आहे, असं मी म्हणत नाही. धबधबे, किल्ले, गॅदरिंगचे ग्रुप फोटो काढणाऱ्यांना त्याची गरज नाही, एवढंच. अंधार असूनही समोरची वस्तू हलत नसेल तरी गरज नाही. कोंढाण्याच्या लेण्यांत पुरेसा काळोख आहे, पण लेणी कुठे पळतायत? ट्रायपॉड लावा, दहा सेकंद शटर उघडं ठेवा. काजव्यांची गंमत वेगळी. मेअखेर-जूनच्या सुरुवातीला राजमाचीच्या बाजूला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर काजवे जास्त दिसतात, जास्त उजळ दिसत नाहीत. कारण प्रत्येक जण लुकलुकतो तो क्षणभरच. तिथे पुन्हा लेन्सचं तोंडच कामाला येतं. अंधार आणि हालचाल दोन्ही एकत्र आले, म्हणजे हळद, कीर्तन, पालखी, चुलीपुढची माणसं, की मग मोठ्या सेन्सरला पर्याय नाही.

माझं अजून एक कारण आहे. ५० चा लेन्स एपीएस-सीवर लावला की ८० सारखा वागतो. वाडीतल्या घरात मी मागे सरकत सरकत पाठ भिंतीला टेकवतो, तरी नवरीबरोबर तिची आई फ्रेममध्ये मावत नाही. फुल फ्रेमवर ५० हा ५० च राहतो. म्हणून मला तो हवाय, आणि मी घेणारच.

पण कुठला? इथे आपलं नशीब जोरावर आहे. कॅनन आणि निकॉनने २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. सगळी पैसेवाली मंडळी मिररलेसकडे गेली आणि त्यांचे जुने घोडे बाजारात उतरले. २०१२ साली ६डीची नुसती बॉडी २,१०० डॉलरला होती. मला परवा ती छत्तीस हजाराला सांगितली. ५डी मार्क टू त्याहून स्वस्त, पण २००८ चा आहे, अंधारात त्याचा फोकस चाचपडतो. ६डीचा मधला फोकस पॉइंट जवळजवळ चांदण्यात चालतो, हळदीला तेवढं पुरे. निकॉनवाल्यांसाठी २०१४ चा डी७५० सुंदर आहे, पण त्याचे मालक अजून भाव सोडत नाहीत. आणि हा हिशोब कोणी विसरू नका. कॅननचे १८-५५ सारखे ईएफ-एस लेन्स फुल फ्रेमवर बसतच नाहीत. बॉडी घेतली आणि सगळे पैसे संपले, तर शेल्फवर ठेवायला छान पेपरवेट मिळतो. ५० चा एफ/१.८ दोन्हींवर बसतो. उद्या कधी मिररलेस घेतलाच तर अडॅप्टर लावून तिथेही चालेल.

मी कर्जत लोकल पकडून दोनदा बोरा बाजारला जाऊन आलोय. सीएसएमटीला उतरून पाच मिनिटांवर. पहिल्या खेपेस एका दुकानात ५डी मार्क टू आणि एक झूम, दोन्ही मिळून पंचेचाळीसला पटत आलं होतं. सहज मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसरीकडून बघितलं, तर आत कोळ्याचं जाळं! बुरशी. दुकानदार म्हणाला, "फोटोत दिसत नाही." मी म्हटलं, मला दिसली ना, बास झालं. तेव्हा टॉर्च न्याच. लॅपटॉपही न्या आणि शटर किती वेळा उडालंय ते सॉफ्टवेअरने बघा. ६डीचं शटर कंपनीने एक लाखापर्यंत धरलंय. त्यातले नव्वद हजार उडाले असतील तर भाव तसाच करा. बाहेर येऊन आकाशाचा एक फोटो एफ/१६ ला काढा, सेन्सरवरचे डाग लगेच मोजता येतील.

बुरशीवरून आठवलं. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या चामड्याच्या बुटांवर जे हिरवं उगवतं, तेच लेन्सच्या आतही उगवतं. आपल्या फोटोग्राफी क्लबचा कॅमेरा मुलं खराब करतील म्हणून कपाटात कुलपात आहे. मागच्या ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तेव्हा दोन्ही लेन्स गेलेले होते. मुलांनी हात न लावता! संबंधित सरांनी रागावू नये, पण कर्जतच्या हवेत बंद कपाटापेक्षा पोरांच्या हातात कॅमेरा जास्त टिकेल. वापरात असलेल्या, उजेडवारा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही. कपाटच हवं असेल तर निदान आत सिलिका जेल ठेवा. क्लबला यंदा पैसे मिळणार असतील तर नवी बॉडी नको. दोन चांगले लेन्स आणि एक ट्रायपॉड घ्या, आणि वही ठेवून सही घेऊन पोरांना द्या. ज्याच्याकडे स्वतःची बॉडी आहे त्याला तेवढ्यानेच वर्षभर काम करता येईल.

माझ्याकडे डाळीचा हवाबंद डबा आहे, आईने लाडू भरून पाठवलेला. लाडू पहिल्याच रात्री रूममेट्सनी संपवले. आता त्यात निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी आणि माझे लेन्स असतात. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतायचं, पुन्हा निळं होतं. मेसच्या मावशी आधी वैतागल्या होत्या, आता स्वतःच विचारतात, "तुझे खडे भाजायचे का रे?"

तर सद्यस्थिती अशी. छेचाळीसमधून ५० चा लेन्स आला, फीच्या हप्त्यात माझे पंधरा गेले (बाबांनी मागितले नव्हते), उरलेले एकवीस-बावीस बँकेत आहेत. येत्या लग्नसराईत सहा-सात हळदी मिळाल्या की ६डी. तोपर्यंत ५५-२५० विकायचा आहे. काच स्वच्छ, टॉर्च मारून बघून घ्यावी. डबा आमच्या रूमच्या खिडकीत आहे. भाव करायला रात्री जेवणानंतर यावं, आधी नको, क्रिकेट असतं.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी