चार दिवसांचं वर्ष

सूर्यमाला शिकवताना मी वर्षानुवर्षं फळ्यावर एक वाक्य लिहीत आले : सूर्याजवळचे ग्रह लहान आणि खडकाळ, लांबचे मोठे आणि वायूचे. गेल्या महिन्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळ्याच ताऱ्यांचं असंच असतं का?" मी घाईत "हो" म्हणून पुढे गेले. घरी पोचेपर्यंत ते 'हो' टोचत राहिलं. खरं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते १९९५ पासून जगाला ठाऊक आहे.

नोव्हेंबरात इशाची नमाज झाल्यावर गच्चीवर जा. जवळजवळ डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. हा महाश्व. अरबांनी याला 'अल-फरस' म्हटलं. अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी हजारएक वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात त्याचं चित्र काढलं. चौकोनातला मरकब हा तारा आजही जगभर अरबी नावानेच ओळखला जातो. मरकब आणि शीट हे दोन तारे म्हणजे आपल्या पंचांगातलं पूर्वा भाद्रपदा. या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या जरा पश्चिमेला एक अंधुक तारा आहे, ५१ पेगासी. शहराच्या उजेडात तो दिसणार नाही. वजनाने, रंगाने तो आपल्या सूर्यासारखाच, फक्त पन्नासेक प्रकाशवर्षं दूर.

१९९४ च्या अखेरीस फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत दिदिए क्वेलो हा पीएचडीचा विद्यार्थी या ताऱ्याची मोजमापं घेत होता. लहान मुलाचे हात धरून त्याला गरगर फिरवलं की आपणही थोडे डोलतो, तसा ग्रह फिरला की ताराही डोलतो. तारा आपल्याकडे येताना त्याचा प्रकाश किंचित निळसर बाजूला सरकतो, दूर जाताना तांबड्या. ५१ पेगासी सेकंदाला पन्नास-साठ मीटर वेगाने डोलत होता, आणि दर सव्वाचार दिवसांनी तेच चक्र!

क्वेलोला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. साहजिक आहे. आपला गुरू, ज्याला उर्दूत मुश्तरी म्हणतात, सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ बारा वर्षं घेतो. इथे गुरूच्या निदान निम्म्या वजनाचा ग्रह ताऱ्यापासून जेमतेम ऐंशी लाख किलोमीटरवर. आपला बुधसुद्धा सूर्यापासून पावणेसहा कोटींवर आहे. तापमान हजार अंशांच्या आसपास.

त्याचे गुरुजी मिशेल मायोर तेव्हा हवाईला होते. दोघांनी लगेच गवगवा केला नाही. तारा सूर्याआड गेला होता, म्हणून थांबले. तो पुन्हा दिसेल तेव्हा कसा डोलेल याचा हिशेब आधीच मांडून ठेवला. जुलै १९९५ मध्ये वेध घेतले, तो हिशेब जुळला. मग ६ ऑक्टोबरला इटलीत फ्लॉरेन्सच्या परिषदेत जाहीर केलं. २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा दोघांना मिळाला.

मला मात्र अमेरिकेतल्या जेफ्री मार्सी आणि पॉल बटलर यांची गोष्ट जास्त लागते. त्यांच्याकडे कितीतरी वर्षांची मोजमापं जमा होती. पण मोठा ग्रह म्हणजे फेरीला वर्षानुवर्षं लागणार, मग हिशेबाची घाई कशाला? त्यांनी ५१ पेगासीचा शोध काही दिवसांत पडताळला आणि मग स्वतःच्या जुन्या नोंदी उघडल्या. त्यांतही ग्रह निघाले. फळ्यावरचं माझं वाक्य त्यांच्याही डोक्यात होतं म्हणायचं.

एवढा मोठा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ जन्माला येणं कठीण. तो दूर तयार झाला आणि नंतर आत सरकला, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

दुसऱ्या दिवशी मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं, आधी 'आपल्या सूर्यमालेत' असं जोडून, आणि कालचं उत्तर चुकलं होतं हेही सांगितलं. त्या मुलीने लगेच विचारलं, "चार दिवसांचं वर्ष, मग तीस रोजे कधी धरायचे?" वर्ग हसला. मी म्हटलं, रोजे चंद्रावर असतात, वर्षावर नाही. शिवाय त्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी, म्हणजे तिथे सूर्य मावळतच नाही.

"म्हणजे इफ्तारच नाही?" मागच्या बाकावरून आवाज आला.