पूल हवेत, चौपदरीकरण नको

रेवस ते रेड्डी सागरी मार्गाची खरी मजा त्याच्या वळणांत आहे. एका अंगाला जांभ्याचा कडा, दुसरीकडे समुद्र आणि खाडी आली की गाडीसकट फेरीबोटीत. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे प्रवासी थांबतो, म्हणूनच गावच्या खानावळीत जेवतो. डोंगर फोडून रस्ता रुंद केला की तोच प्रवासी थेट गोवा गाठेल. रात्री फेरी बंद असताना आजारी माणसाने काय करायचे, हा आक्षेप बिनतोड आहे; खाड्यांवर पूल झालेच पाहिजेत. पण पुलाचे निमित्त करून किनाऱ्यावरची प्रत्येक घाटी कापणे पटत नाही. वेगासाठी मुंबई-गोवा महामार्ग आहेच, रखडत रखडत का होईना! सागरी मार्ग दुपदरीच ठेवावा. कठडे आणि दरडींना जाळ्या मात्र पावसाआधी बसवाव्यात.