आंबोली : सहलीचे ठिकाण की नदीचे माहेर?

थंड हवेचे ठिकाण म्हटले की उंच डोंगर आणि वळणावळणाचा चढ डोळ्यांसमोर येतो. आंबोलीच्या बाबतीत बेळगावकरांना हे चित्र लागू पडत नाही. आंबोलीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ६९० मीटर. आपले बेळगाव त्याहूनही थोडे उंच, साडेसातशे मीटरच्या आसपास. खरा चढ लागतो तो सावंतवाडीकडून येणाऱ्याला. आपल्या दृष्टीने आंबोली म्हणजे शिखर नव्हे, आपल्याच पठाराची पश्चिमेकडील कड आहे.

अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे या कडेला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. म्हणून आंबोलीत वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो; अवघ्या ६५-७० किलोमीटरवरील बेळगावात मात्र बाराशे-तेराशे. यांतले काही पाणी कड्यावरून कोकणात उतरते. धबधब्याखाली गर्दी होते ती त्याच्याच. दुसरे पाणी गाजावाजा न करता पूर्वेकडे वळते. आंबोलीजवळच्या महादेवाच्या गुहेतून हिरण्यकेशी निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेला मिळते, गोकाकच्या कड्यावरून कोसळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाते. वाटेत तिच्या काठची भाषा मराठीची कन्नड होते. पाणी तेच राहते.

आंबोलीचा इतिहास हा मुख्यतः वाटेचा इतिहास आहे. वेंगुर्ले बंदर आणि बेळगावची छावणी यांना जोडणारा रस्ता या घाटातून गेला. सावंतवाडी संस्थानातील ब्रिटिश अधिकारी कर्नल वेस्ट्रॉप यांनी १८८० च्या सुमारास येथे हवा खाण्याचे ठिकाण वसविले. पण १८८८ मध्ये मुरगावची रेल्वे घाट चढून आली आणि वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरले. मुंबई सरकारची उन्हाळी बैठक महाबळेश्वरला. आंबोली मागे राहिली. हे मागे राहणे माझ्या मते तिचे भाग्यच ठरले. वाघासारखे पट्टे असलेल्या येथील एका भेकाची शास्त्राला ओळख २००९ मध्ये झाली. २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या उगमाशीच माशाची एक नवी जात सापडली. नदीचेच नाव तिला मिळाले आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली.

अशा ठिकाणी पावसाळ्यातल्या रविवारी आपण काय घेऊन जातो? मोटारींच्या रांगा, कर्णे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. कोणी म्हणेल, पर्यटकांवरच तेथील गोरगरिबांची चूल पेटते. ते खरे आहे, म्हणून घाट बंद करा असे कोणीच म्हणणार नाही. पण गर्दीच्या दिवशी खासगी वाहने अलीकडे थांबवून गावच्या गाड्यांनी लोकांना नेता येईल. त्यात गावालाही चार पैसे मिळतील. माथेरानला मोटारींना बंदी आहे, तरी तेथील धंदा बुडालेला नाही. महाबळेश्वर-पाचगणीला २००१ मध्ये आणि माथेरानला २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे कायदेशीर संरक्षण मिळाले, ते बांधकामे आणि गर्दी वाढल्यावर. आंबोलीने तितकी वाट पाहू नये.

आपल्या महाविद्यालयांनाही एक सुचवावेसे वाटते. आंबोलीची सहल धबधब्याशी संपवू नये. भूगोलाच्या आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, मराठी-कन्नड दोन्ही विभागांच्या मित्रांसह, उगमापासून गोकाकपर्यंत हिरण्यकेशीची वाट चालावी. पाण्याचे नमुने घ्यावेत, काठच्या शेतकऱ्यांशी बोलावे. वर टाकलेली पिशवी खाली कोणाच्या शेतात येते, हे एकदा पाहिले की घाटात फलक लावण्याची गरज पुष्कळशी कमी होईल.