भुरी एक, बुरशी अनेक



ऊस विकास विभागाने काकडी-कलिंगडावर का लिहावे, असे कोणी म्हणेल. कारण सरळ आहे. खोडवा मोडला की आपले कितीतरी सभासद त्याच रानात उन्हाळी कलिंगड, काकडी, दोडका करतात. काहीजण सुरू उसाच्या सरीत आंतरपीक घेतात. उसाचे बिल हाती पडेपर्यंत घरखर्च या वेलांवर चालतो, आणि या वेलांचे नेहमीचे दुखणे म्हणजे भुरी. माझे स्पष्ट मत आहे की, भुरीवर जाणारा आपला बराच पैसा रोग न ओळखता फवारल्याने पाण्यात जातो.

पहिला घोटाळा भुरी आणि केवड्याचा. भुरीत पानावर पिठासारखी पांढरी भुकटी बसते, बोटाने पुसली की निघते. केवड्यात शिरांच्या मधोमध पिवळे, कोनाकोनाचे ठिपके पडतात आणि सकाळच्या दवात पानाखाली करडी-जांभळट बुरशी दिसते. केवड्याला ओले पान लागते. भुरी कोरड्या हवेतही फोफावते. मेटॅलॅक्झिल केवड्यासाठी आहे, भुरीवर त्याचा उपयोग नाही. एवढे तरी बांधावर उभे राहून ओळखता आलेच पाहिजे.

पण खरी भुरीसुद्धा एकाच बुरशीची नसते. वेलवर्गीय पिकांवर ती मुख्यतः दोन बुरशींमुळे येते. एक पोडोस्फेरा झँथी, दुसरी गोलोव्हिनोमायसिस. जुन्या पुस्तकांत पहिलीला स्फेरोथिका आणि दुसरीला एरिसायफी म्हणत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच पांढऱ्या. ज्या फळपिंडावरून त्या नक्की ओळखता येतात, ते शेतात क्वचितच सापडतात. म्हणून कित्येक वर्षे अंदाजानेच नाव लिहिले गेले. ओळखायची सोपी रीत अशी: ताजे बीजाणू ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. आत फायब्रोसिनचे चकाकणारे कण दिसले तर पोडोस्फेरा, नसले तर दुसरी. उष्ण हवेत पोडोस्फेरा जास्त, थंडाव्यात दुसरी, असा साधारण अनुभव आहे.

त्यापुढे एकाच बुरशीच्या निरनिराळ्या जाती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९३६ साली पी.एम.आर. ४५ हे भुरीला दाद न देणारे खरबूज काढले. त्याची प्रतिकारशक्ती आपल्या भारतातून नेलेल्या खरबुजातली होती. अवघ्या दोन वर्षांत, १९३८ साली, त्यालाही लागणारी नवी जात उभी राहिली. औषधांचेही तेच. बेनोमिलला न जुमानणाऱ्या काकडीवर्गीय भुरीची नोंद अमेरिकेत १९६९ सालीच झाली. उत्तर प्रदेशात को ०२३८ या उसाची लाल कुजीने काय दशा केली, हे ऊसवाल्यांना वेगळे सांगायला नको. तिथेही रोगाची जात बदलली होती.

तेव्हा बियाण्याच्या पुडक्यावर 'भुरी प्रतिकारक' छापले असेल तर दुकानदाराला विचारा, कोणत्या भुरीला आणि कोणत्या जातीला? उत्तर आले नाही तर त्या शब्दाचे जादा पैसे मोजू नका. एकाच गटाचे औषध पाठोपाठ मारू नका. नाव बदलले म्हणजे गट बदलला असे नाही. द्राक्षबागेत चालते म्हणून भर उन्हात वेलांवर गंधक मारू नका, पाने भाजतात, खरबुजाची तर फारच. काय मारले, कधी मारले, गुण आला का, हे वहीत टिपून ठेवा.

संचालक मंडळाला माझी विनंती आहे. आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि तो हाताळणारा एक शिकवलेला माणूस द्यावा. सभासदाने सकाळी ताजे पान कागदी पिशवीत आणावे आणि रोगाचे नाव घेऊन जावे. सूक्ष्मदर्शकाला बुरशीची जात कळत नाही. ती ठराविक वाणांवर वाढवूनच ठरते, आणि ते काम राहुरीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणचे. पण गटागटांतून नोंदी जमल्या तर त्यांच्यापुढे आपल्याला नेमका प्रश्न तरी ठेवता येईल.

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, हे आपण आता मान्य केले आहे. रोग ओळखल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका, हेही मान्य करू या. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर काढावा.