ओव्हरटाइम, सकाळी साडेपाचचा

सकाळी साडेपाचला माझ्या मोबाइलचा गजर वाजला की रूममेटच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात ते इथे छापता येणार नाहीत. जिमला जाते का? छे! योगा? विचारूच नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी उठत होते ती बास्केटबॉल बघायला. तोही बायकांचा. तोही अमेरिकेतला.

डब्ल्यूएनबीए. ही लीग १९९७ पासून चालू आहे, पण ऑफिसात नाव काढलं की लोक 'एनबीए ना?' असं दुरुस्त करतात. मी शाळेत आणि कॉलेजात खेळायचे. मग नोकरी लागली आणि बूट माळ्यावर गेले. पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली, तिचा फोटो आमच्या फ्लोअरवर फिरवला तर किती जण ओळखतील, यावर मी पैज लावणार नाही.

तर २०२४ चा सीझन. सुरुवात झाली केटलिन क्लार्कपासून. कॉलेजमधली सुपरस्टार, ड्राफ्टमध्ये पहिला नंबर, इंडियाना फीव्हरची नवी पोरगी. मे महिन्यात पहिली मॅच खेळली आणि २० पॉइंट्स काढताना तब्बल दहा वेळा चेंडू घालवला! नव्या नोकरीचा पहिला दिवस आठवला का? मला तरी आठवला. टीम सुरुवातीला हरतच सुटली, शेवटी मात्र २० जिंकल्या, २० हरल्या आणि २०१६ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेली. क्लार्कने एका सीझनमध्ये ३३७ असिस्ट दिले, लीगचा नवा रेकॉर्ड. आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे असताना लास व्हेगासच्या एजा विल्सनने शांतपणे १,०२१ पॉइंट्स केले. एका सीझनमध्ये हजार पार करणारी ती पहिलीच. एमव्हीपीसाठी सगळीच्या सगळी मतं तिला. असो, मला तीच जास्त आवडते.

आता पैशांचं बोलू. क्लार्कचा त्या वर्षीचा पगार ७६,५३५ डॉलर्स. पुरुषांच्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला मुलगा एक कोटी डॉलर्सच्या वर घेऊन जातो. (जाहिरातींतून तिने भरपूर कमावलं, मान्य. पण तो पगार नव्हे.) आणि विमानं! २०२४ पर्यंत या बायका एरवी साध्या कमर्शियल फ्लाइटने जायच्या. सहा फूट चार इंचांची बाई इकॉनॉमीच्या मधल्या सीटवर, आणि दुसऱ्या दिवशी मॅच. न्यूयॉर्क लिबर्टीच्या मालकांनी २०२१ मध्ये गुपचूप चार्टर विमानं दिली, तर लीगने त्यांनाच पाच लाख डॉलर्स दंड ठोकला. कारण काय, तर बाकीच्या टीम्सवर अन्याय होतो! हे वाचून मी हसले. मग हसू थांबलं, कारण त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात चुकून एक एक्सेल शीट माझ्याकडे फॉरवर्ड झाली होती. माझ्याच बॅचचा, माझ्याच हुद्द्याचा, माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला मुलगा. दोन कॉलम, दोन आकडे. मी तीनदा वाचले.

फायनल लिबर्टी आणि मिनेसोटा लिंक्सची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहिली मॅच. लिबर्टीने १८ पॉइंट्सची आघाडी घालवली. मॅच संपायला एक सेकंदही उरला नव्हता आणि ब्रिआना स्टुअर्टच्या हातात दोन फ्री थ्रो. पहिला आत, बरोबरी. दुसरा गेला असता तर मॅच खिशात. गेला नाही. ओव्हरटाइममध्ये शेवटच्या क्षणी बास्केटखालचा शॉटही हुकला. लिबर्टी हरली. मी सेलफोन उशीखाली टाकला आणि ऑफिसला अर्धा तास उशिरा पोचले.

पुढे तिसऱ्या मॅचमध्ये सब्रिना आयोनेस्कूने २८ फुटांवरून, एक सेकंद राहिलेला असताना, जिंकून दिलं. काय शॉट होता तो! मी ओरडले, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी छताला काठी ठोकली.

पाचवी, शेवटची मॅच, सोमवार, २१ ऑक्टोबर. त्याच दिवशी अकरा वाजता माझं रिव्ह्यू. मी ठरवलं होतं की तो आकडा काढायचा. ठरवलं आणि पोटात गोळा. इकडे आयोनेस्कू १९ पैकी फक्त एक शॉट टाकते आहे. एकोणीसपैकी एक, फायनलमध्ये, घरच्या मैदानावर! लिबर्टी बराच वेळ मागेच. याआधी पाच फायनल हरलेली टीम, त्यामुळे सहाव्याची तयारी मी मनातल्या मनात केली होती. पाच सेकंद उरले आणि पुन्हा स्टुअर्ट, पुन्हा दोन फ्री थ्रो. मी डोळे मिटले. दोन्ही आत. बरोबरी, ६०-६०. (तो फाउल होता का यावर मिनेसोटाची कोच चिडली, आणि मलाही तो जरा स्वस्तातलाच वाटला.) ओव्हरटाइममध्ये ६७-६२. लिबर्टीची पहिली ट्रॉफी, २८ व्या सीझनमध्ये. फायनलची एमव्हीपी जॉनक्वेल जोन्स, बहामाची.

अकरा वाजता केबिनमध्ये शिरले. आवाज बसलेला, डोळे तांबारलेले. बॉस म्हणाले, "बरी आहेस ना?" मी म्हटलं, "सर, मला पगाराबद्दल बोलायचंय." आणि बोलले. वाक्य मध्ये अडखळलं, 'इक्विटी' म्हणायचं होतं तिथे 'इन्क्रिमेंट' म्हणाले, पण आकडा बरोबर सांगितला. सर म्हणाले, पुढच्या सायकलमध्ये बघू.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर बातमी वाचली. फायनलच्या दुसऱ्याच दिवशी डब्ल्यूएनबीएच्या खेळाडूंच्या युनियनने जुन्या करारातून बाहेर पडायचं ठरवलं होतं. ट्रॉफीला चोवीस तासही झाले नव्हते! जुलै २०२५ च्या ऑल-स्टार मॅचला तर सगळ्या जणी टी-शर्ट घालून उतरल्या : आमचं देणं द्या. मी तो फोटो डेस्कटॉपवर लावला होता, आठवडाभर.

माझं म्हणाल तर फरकाचे निम्मे पैसे एप्रिल २०२५ मध्ये पगारात आले. उरलेल्या निम्म्यासाठी मी दर तीन महिन्यांनी मेल टाकते. रूममेटने मला हेडफोन घेऊन दिलेत, आणि गजर व्हायब्रेटवर ठेवायची शपथ घातली आहे.