ओटा माझा, बोर्ड कोणाचा?



मागच्या उन्हाळ्यात वडनेर भोलजीच्या आमच्या घरात स्वयंपाकघराचं काम निघालं. फरशी कुठली, रंग कोणता, यावर घरात आठ दिवस चर्चा चालली. मलाही विचारलं गेलं, कारण रंग म्हणजे बाईचा विषय! पण विजेचा बोर्ड कुठे, प्लग किती, वायर कुठली, हे तिघांनी ओसरीवर चहा पिता पिता ठरवलं. नवरा, मिस्त्री आणि वायरमन. चहा मी केला होता.

संध्याकाळी बघते तर बोर्ड नळाच्या शेजारी. भांडी घासताना शिंतोडे थेट त्यावर. दोनच प्लग, तेही लहान. आणि वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच नाही. मी विचारलं, तर वायरमन म्हणाला, "वहिनी, त्याची काई गरज नाई. पायात चप्पल घालत जा."

हेच वाक्य मी पूर्वीही ऐकलं होतं. याच घरात माझ्या जावेनं अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून फ्रिजच्या दाराला हात लावला आणि ती फेकली गेली. खांद्याचं हाड मोडलं. फ्रिजला अर्थिंग का नव्हतं, हे कोणीच विचारलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न : ओल्या हातांनी दार कशाला उघडलं? स्वयंपाक करणाऱ्या बाईचे हात कोरडे कधी असतात? कणीक, भाजी, भांडी, फडकं. आमचे हात ओले असणार, हे धरूनच वायरिंग व्हायला हवं. तसं होत नाही, आणि झटका बसला की हलगर्जीपणा बाईचा ठरतो.

काही जणी म्हणतील, बायकांचे एवढे मोठे प्रश्न असताना प्लगवर कसला लेख? मी म्हणते, हा कामाचाच प्रश्न आहे. कारखान्यात मशीनला हात लावताच करंट बसला, तर कामगार काम बंद पाडतील. कारखान्यासाठी कायदा आहे, निरीक्षक आहे. स्वयंपाकघरात दिवसाचे सहा-आठ तास राबणाऱ्या बाईला कोणी कामगारच मानत नाही, मग तिच्या कामाची जागा तपासणार कोण? 'स्टोव्ह भडकला' एवढ्यावर गप्प बसायचं नाही, हे आपण चळवळीत शिकलो. 'करंट लागला' या दोन शब्दांवर मात्र अजून गप्प बसतो. देशात दरवर्षी विजेच्या धक्क्यानं दहा हजारांहून जास्त माणसं मरतात.

ही विद्या अवघड नाही. यंत्रातली वायर सोलून लोखंडी अंगाला टेकली की ते अंग जिवंत होतं. अर्थिंग असेल तर करंट त्या वायरनं जमिनीत जातो. नसेल, तर तो आपल्या अंगातून वाट काढतो. पिनेचा वरचा पाय लांब असतो तो याचसाठी : अर्थिंग आधी जोडलं जावं, वीज नंतर यावी. दुसरी गोष्ट, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी आरसीसीबी लागतो. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. तो चांगल्या मिक्सरपेक्षा स्वस्त पडतो. तिसरी गोष्ट, २००० वॉटची इंडक्शन शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते आणि लहान प्लग असतो ६ अँपिअरचा. प्लग काळा पडतो, तो उगाच नाही.

आपल्याकडच्या गोल पायांच्या पिना जुन्या ब्रिटिश नमुन्याच्या. त्याच ब्रिटनमध्ये १९२४ साली बायकांनी विजेसाठी स्वतःची संघटना काढली. कॅरोलिन हॅस्लेट तिच्या पहिल्या संचालक. पुढे महायुद्धाच्या काळात घरगुती विजेचे नियम ठरवायला समिती बसली. वीस जणांत त्या एकट्या बाई. त्या समितीच्या कामातून जो नवा प्लग आला, त्याच्या भोकांना आतून झडप होती, म्हणजे पोराचं बोट आत जाऊ नये. घर चालवणाऱ्यांचं म्हणणं जिथे ठरतं तिथे पोचलं की असा फरक पडतो.

आम्ही भिंत पुन्हा फोडली. "खर्च वाढतो" म्हणून घरात दोन दिवस अबोला होता. पण टाइल्स लागायच्या आधी बोर्ड नळापासून आणि शेगडीपासून दूर गेला. १६ अँपिअरचे दोन प्लग आले, त्यांना वेगळी जाड वायर आली, हिरवी अर्थिंगची वायर आली. अंगणात खड्डा करून कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पकड सुटते, म्हणून त्या खड्ड्यात मी पाणी घालते. तुळशीला घालते तसंच.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घरातला बोर्ड बघून यावं. वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं, असा नियम आहे, तो विचारावा. काम संपल्यावर अर्थिंग आपल्यासमोर तपासून घ्यावं, मगच पैसे द्यावेत. घरकुल योजनेत घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर होतं. तर त्या घराच्या भिंतीत काय जातं, हेही ग्रामसभेत बाईनंच विचारावं.

आणि पुढच्या वेळी ओसरीवर चहा होईल, तेव्हा पाचवा कप आपला असू द्या. चौथा, जो करेल त्याचा.