आजीच्या चादरीचं भूत

वाचन : लूक २४:३६-४३



ऑक्टोबर संपत आला की आपल्याकडे एक वाद ठरलेला असतो. मुलांना हॅलोविन हवा असतो आणि मोठ्यांना तो नको असतो. यंदाही दोन्ही बाजूंचे लोक मला विचारून गेले, "टीचर, तुमचं मत काय?" माझं मत सांगायचं तर आधी गेल्या वर्षीची गोष्ट सांगायला हवी.

गेल्या वर्षी मुलांनी चर्चच्या हॉलमध्ये एक संध्याकाळ मागितली आणि मी होकार दिला. भुतं घरीच करायची ठरली. बाटलीच्या तोंडावर फुगा बसवायचा, त्यावर मैद्याच्या खळीत बुडवलेलं पातळ कापड पसरायचं, रात्रभर वाळू द्यायचं आणि सकाळी फुगा फोडायचा. कापड तसंच ताठ उभं राहतं. मुलींनी दुकानातून कोरं मांजरपाट आणलं होतं. पाचवीतल्या एका मुलाने घरातली जुनी पांढरी चादर आणली. ती दोरीवर टांगली.

मोठ्या मुलांनी ब्लॅकलाइटचा दिवा आणला होता. हॉल अंधारा करून तो लावला, तर नवं मांजरपाट मातकटच राहिलं. जुनी चादर मात्र निळसर पांढऱ्या उजेडाने अशी लखलखली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "टीचर, ती आजीची चादर आहे. आजी आता अशीच दिसते का?"

त्याच्या आजीला आम्ही जूनमध्ये माती दिली होती. मी "नाही रे बाळा" म्हटलं आणि त्याच्या हातात चॉकलेट ठेवलं. इतकी वर्षं धर्मशिक्षण शिकवते आहे, पण त्या वेळी मला एवढंच सुचलं.

हॅलोविन हा सैतानाचा सण, असं म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे सांगेन की हे नावच आपल्या ख्रिस्तसभेचं आहे. त्याचा अर्थ सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या. १ नोव्हेंबरला सकल संत, २ नोव्हेंबरला आपले मृत भाविक आणि ३१ ऑक्टोबर ही त्यांची आदली रात्र. इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब माणसं दारोदार जात. त्यांना छोटे केक मिळत आणि ती त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करीत. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथून अमेरिकेत गेलेल्यांना भोपळा सापडला. पुढे बाजाराने प्रार्थना काढून टाकली आणि भीती तेवढी ठेवली.

"नुसती मजा आहे" म्हणणाऱ्यांनाही मला एक सांगायचं आहे. मजेला माझी ना नाही. पण ज्या मुलाच्या घरात नुकतंच कोणी गेलं आहे, त्याच्यासाठी ते भूत नुसतं कापड नसतं.

तरीही दोष मी हॅलोविनला देत नाही, आपल्याला देते. २ नोव्हेंबरला आपण कबरी साफ करतो, चुना लावतो, फुलं आणि मेणबत्त्या नेतो. आणि मुलांना? "घाबरतील" म्हणून घरी ठेवतो. झोपत नसली तर बागुलबुवा दाखवतो, संध्याकाळी कबरस्थानाच्या बाजूला जाऊ देत नाही. मृतांविषयी मुलांशी आपण बोलतच नाही. मग ती जागा भूत घेतं.

शिष्यांनाही उठलेला येशू भूतच वाटला होता. त्याने त्यांना रागे भरून बाहेर काढलं नाही. हातपाय दाखवले, खायला काही आहे का विचारलं आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. भीतीवर त्याचं उत्तर म्हणजे ओळख पटवून देणं. मीही त्या मुलाला जवळ बसवून त्याच्या आजीविषयी विचारायला हवं होतं.

ती चादर का चमकली, हे मी नंतर शोधलं. ब्लॅकलाइटचे अतिनील किरण आपल्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारी द्रव्यं असतात. ती हे किरण शोषून घेतात आणि निळसर, दिसणारा उजेड बाहेर टाकतात. १८५२ साली जॉर्ज स्टोक्स यांनी क्विनीनच्या द्रावणावर प्रयोग करून हा गुण समजावून सांगितला आणि त्याला नाव दिलं. ते आयर्लंडचे, एका धर्मोपदेशकाचे पुत्र. कोऱ्या मांजरपाटात ही द्रव्यं नव्हती. आजीच्या चादरीत ती धुण्यागणिक मुरत गेली होती. दिवा बंद केला की ती चमक त्याच क्षणी जाते, कारण उजेड कापडाचा स्वतःचा नसतो. संतांचंही असंच असावं, असं मला वाटतं. त्यांचा उजेड त्यांचा नव्हता. पण रोजच्या प्रार्थनेत, सेवेत, क्षमेत ते इतके धुतले गेले होते की प्रभूचा प्रकाश पडताच लोकांना तो दिसला.

म्हणून माझं मत असं : दिवा ठेवू या, कापडही ठेवू या, फक्त भूत काढू या. यंदा ३१ तारखेला प्रत्येक मुलाने कोऱ्या मांजरपाटाचा एक तुकडा आणावा. टिनोपाल पाण्यात कालवून कुंचल्याने त्यावर घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव लिहावं. वाळल्यावर साध्या उजेडात ते जवळजवळ दिसणार नाही, ब्लॅकलाइटखाली उजळेल. दिवा उंचावर लावू, कोणी त्यात टक लावून पाहणार नाही याची काळजी घेऊ आणि कापडांपासून मेणबत्त्या दूर ठेवू. एकेक नाव वाचायचं, त्या माणसाची एक आठवण सांगायची आणि प्रार्थना करायची. नंतर केक आहेच. आणि २ तारखेला मुलांना कबरस्थानात सोबत आणा. माझी ही विनंती सगळ्यात मोठी समजा.

तो मुलगा आता सहावीत आहे. परवा मी त्याला विचारलं, "आजीचं पूर्ण नाव काय रे?" त्याला माहीत नव्हतं. घरी विचारून एका कागदावर लिहून आणलं आहे त्याने.

प्रार्थना करू या : हे प्रभू, आमच्या गेलेल्या माणसांना तुझ्या प्रकाशात विसावा दे. आमच्या मुलांच्या प्रश्नांना चॉकलेटऐवजी उत्तर देण्याचं धैर्य आम्हाला दे. आमेन.